घरबसल्या नर्स होता येत नाही. पण बरेच काही शिकता येते

बारावीचा निकाल लागला आणि पहिला पाऊस पडला, की आमच्या वस्तीत पत्रके येतात. सौंदड हे हमरस्त्यावरचे गाव. बाजूने गोंदिया-बल्लारशा रेल्वेची लाईन जाते. त्यामुळे जे काही विकायचे ते इथे लवकर पोहोचते. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्रकावर पांढऱ्या कपड्यांतल्या हसऱ्या मुलीचा फोटो होता. खाली लिहिले होते : घरबसल्या नर्सिंग करा, टक्केवारीची अट नाही, फक्त परीक्षेला या, नोकरीची पूर्ण हमी. त्याखाली एक मोबाईल नंबर. संस्थेचा पत्ता नव्हता. तो कोणी विचारलाही नाही.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी त्या वर्षी बारावी कला शाखेतून पास झाली होती. बाप मिस्त्रीच्या हाताखाली, माय रोवण्याला आणि कापणीला. मायने बचतगटातून कर्ज काढले, गळ्यातली पोत गहाण ठेवली आणि दोन हप्त्यांत पस्तीस हजार रुपये भरले. पैसे घ्यायला एक माणूस मोटारसायकलवर आला होता. वर्षभरात मुलीला चार झेरॉक्स पुस्तके मिळाली, एका खोलीत बसून परीक्षा झाली आणि शेवटी प्लास्टिक चढवलेले, सोनेरी कडांचे प्रमाणपत्र हातात पडले. ते घेऊन ती नागपूरला एका खासगी दवाखान्यात गेली. तिथल्या मोठ्या सिस्टरने कागद उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "कौन्सिलचा नंबर कुठे आहे?"

नंबर नव्हताच. तो मिळणारही नव्हता. माय आम्हाला म्हणाली, "पोरगी पांढऱ्या कपड्यात दिसन, एवढंच डोक्यात होतं. मी त काही विचारलंच नाही."

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगायला हवे. आम्ही या वस्तीतल्या सात जणी. एक आशा आहे, एक अंगणवाडीत मदतनीस, एक खासगी दवाखान्यात आया, दोघी शेतमजुरी करतात, एक शिवणकाम करते आणि एक घरी सासूची सेवा करते. रविवारी दुपारी विहारात बसून आम्ही आरोग्याचे वाचतो. त्यातल्या पाच जणींनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायकाचा शिक्षणक्रम घेतला. म्हणजे दूरशिक्षण हे काही वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः त्याच वाटेने चाललो आहोत. पण ती वाट कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते, हे आम्हालाही उशिरा कळले. त्या मुलीला आधी कळले असते, तर पोत वाचली असती.

त्या माणसाने तिला सांगितले होते, "नाशिकच्या विद्यापीठाचा कोर्स आहे." हे वाक्य नीट समजून घ्या, कारण फसवणूक याच वाक्यात असते. नाशिकला एकच विद्यापीठ नाही. एक मुक्त विद्यापीठ, १९८९ साली सुरू झालेले. ज्ञानगंगा घरोघरी हे त्याचे ब्रीद, आणि शेतात राबणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, शाळा सुटलेल्या माणसांसाठीच ते काढले. दुसरे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ सालचे. डॉक्टर, दंतवैद्य, बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी यांच्या पदव्या हे दुसरे विद्यापीठ देते, आणि त्या कॉलेजात रोज हजर राहून, दवाखान्यात ड्युटी करूनच मिळतात. शहर एक, पण कामे वेगळी. दलाल एकाचे नाव सांगतो, दुसऱ्याची पदवी डोळ्यांपुढे नाचवतो आणि तिसरेच कुठले तरी प्रमाणपत्र हातात ठेवतो.

नर्स व्हायचे तर रस्ता सरळ आहे आणि तो लांबचा आहे. बारावीनंतर एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. शाळा किंवा कॉलेज मान्यताप्राप्त हवे आणि शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. त्या मोठ्या सिस्टरने विचारला तो हाच नंबर. यातला कुठलाही कोर्स घरी बसून होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षणाच्या नियमांत वैद्यकीय, दंत, नर्सिंग, औषधनिर्माण, फिजिओथेरपी हे सगळे विषय दूरशिक्षणातून शिकवायला मनाईच आहे. त्यात २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आणखी भर पडली. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण विज्ञान, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र असे विषयही आयोगाने दूरशिक्षणातून बंद केले. त्यामागे सहबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांचा २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. तेव्हा अजूनही कुणी "दूरशिक्षणातून डाएटिशियन करा" म्हणून पदवी विकत असेल, तर त्याला हे वर्ष सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

दलाल हुशार असतो. तो म्हणतो, "इग्नूत नर्सिंग आहे की!" अर्धे खरे आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, आरोग्य विज्ञानाची शाखा १९९१ पासून आहे आणि तिथे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चालला. पण तो कुणासाठी? जी आधीच जीएनएम झाली आहे, जिची नोंदणी झाली आहे, जी दवाखान्यात नोकरी करते, तिला पदवी मिळावी म्हणून. जिने रुग्णाला कधी हात लावला नाही, तिला नर्स करण्यासाठी नव्हे.

हे आम्हाला का पटले, ते पुस्तकाने नाही, सासूबाईंनी शिकवले. आमच्यातल्या एकीच्या सासूला अर्धांगवायू झाला. पहिल्या दोन महिन्यांत कंबरेवर आणि टाचेवर जखमा झाल्या. घरच्यांनी हळद लावली, पावडर लावली, खाली मऊ गादी टाकली. जखम वाढतच गेली. पुस्तकात लिहिले होते की पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. तिने ते वाचले, पाठ केले, स्वाध्यायाच्या वहीत लिहिलेही. पण साठ किलोच्या, एक अंग लुळे पडलेल्या बाईला एकटीने कूस कशी द्यायची? खेचले तर कातडी घासते आणि तिथेच नवी जखम होते. हे तिला कळले ते दवाखान्यातल्या प्रात्यक्षिकात, एका जुन्या सिस्टरच्या हाताकडे पाहून. गुडघा आधी वाकवायचा, एक हात खांद्याखाली आणि एक नितंबाखाली, चादरीसकट आपल्याकडे वळवायचे, पाठीशी उशी लावायची. सिस्टरने तीन वेळा करून दाखवले, चौथ्यांदा हिच्याकडून करून घेतले आणि पाचव्यांदा ओरडली. घरी आल्यावर तिने भिंतीवर कोळशाने वेळा लिहिल्या. रात्रीच्या दोन वेळा नवऱ्याच्या वाट्याला. जखमा भरायला पावसाळा गेला, पण भरल्या.

पुस्तक टपालाने येते. हात टपालाने येत नाही. आमचा सगळा अनुभव या दोन गोष्टींमधला आहे.

आता अभ्यास कसा झाला ते. मुक्त विद्यापीठाची पुस्तके मराठीत असतात, सोपी असतात, प्रत्येक घटकाच्या शेवटी प्रश्न असतात. शिकवणाऱ्याला तिथे समंत्रक म्हणतात आणि वर्गाला संपर्कसत्र. सत्रे सुट्टीच्या दिवशी, म्हणून मजुरी बुडत नाही, असे आम्हाला वाटले होते. पण आमच्या भागात रविवार कुठे सुट्टीचा? प्रवेशाचे दिवस आणि धानाचे रोवणे एकदम येते. दिवसभर बांधीत वाकून परे लावायचे आणि रात्री दिव्याखाली हाडांची नावे वाचायची. दोघींनी पहिल्या वर्षी अर्ज भरायची तारीखच चुकवली. परीक्षा उन्हाळ्यात आली, तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे चारला जंगलात, दुपारी पुडे बांधायचे, मग पुस्तक. एकीची सासू म्हणायची, "काहून बाई, या वयात कायची परीक्षा? पत्ता खुडला त पैसे तरी भेटते." तिचे चूक नव्हते. हंगामाचे पैसे वर्षभर पुरवायचे असतात. शेवटी आम्ही असे ठरवले की जिची परीक्षा असेल तिच्या वाटणीचा पत्ता बाकीच्यांनी खुडायचा. गणित जमले, थोडे भांडणही झाले.

शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या बाईला वाचणे जड जाते, हे कुणी सांगत नाही. पहिले दोन महिने आम्ही एकेक पान मोठ्याने वाचत होतो. एकीने वाचायचे, आशाताईने तिच्या कामातले उदाहरण द्यायचे. पुस्तकात "निर्जलीकरण" आले की आशाताई म्हणायची, "हगवण लागलेल्या लेकराचे डोळे खोल जातात, ओठ सुकतात, पोटाची कातडी चिमटीत धरली त लवकर खाली बसत नाही, तेच हे." मग एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण आम्ही रोवण्याच्या गाण्यासारखे पाठ केले. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झाले तर लेकराला धोका, म्हणून चमचा तोच ठेवायचा आणि तो सपाटच भरायचा.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या भागात सिकलसेल आहे, हे आपण सगळे जाणतो आणि सगळे लपवतो. पूर्व विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. म्हणून लग्नाच्या आधी तपासणी करायची असते. पण लग्न मोडेल या भीतीने कार्ड पेटीत राहते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. अभियान दिल्लीचे असले तरी पेटीतले कार्ड आपल्यालाच बाहेर काढावे लागेल.

तर त्या रात्री. अकरा वर्षांचा मुलगा दिवसभर मायबापासोबत बांधीवर भिजला होता. रात्री पाय आणि पोट धरून ओरडू लागला. अंग तापलेले. आमच्यातली जी दवाखान्यात आया आहे, तिला बोलावले. तिने थर्मामीटर लावला, १०२ ताप. श्वास मोजला, डोळ्यांत पिवळेपणा पाहिला. घरच्यांनी दुखऱ्या पायावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, त्या तिने काढायला लावल्या, कारण थंडीने सिकलसेलचे दुखणे वाढते. ओले कपडे बदलले, गोधडी पांघरली, घोटघोट पाणी पाजले आणि १०८ ला फोन लावायला सांगितला.

तेवढ्यात मुलाच्या काकाने मेडिकलमधून आणलेली सुई आणि औषधाची बाटली पुढे केली. "लावून टाक, रात्र निघून जाईल." ती नाही म्हणाली. काका चिडला. "शिकून आली ना वो तू? मग सुई काहून नाही लावत? कायच्या कामाचं तुझं शिकणं?" दहा-पंधरा माणसे जमलेली. कुणीतरी म्हणाले, दुसऱ्या टोलीतला फलाणा पन्नास रुपयांत लावून देतो. तिचे हात थरथरत होते, हे तिने आम्हाला नंतर सांगितले. सुई कशी टोचतात हे तिने शंभरदा पाहिले आहे. टोचता आलीही असती. पण कुठले औषध, किती, ताप कशाचा, छातीत काही आहे का, मूत्रपिंडावर काय होईल, हे तिला शिकवलेले नव्हते आणि तो अधिकारही तिचा नव्हता. ती रुग्णसहायक आहे, नर्स नाही. तिने काकाला एवढेच सांगितले, "सिकलसेलच्या लेकराला ताप आला की घरी ठेवायचं नाही. मी गाडीत सोबत येतो."

गाडी आली. ती सोबत गेली. मुलगा चार दिवस दवाखान्यात राहिला आणि घरी आला. काका अजून तिच्याशी बोलत नाही. मुलाची माय बोलते.

सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे, एकाएकी पांढरेफटक पडणे, पोटात डाव्या बाजूला फुगणे किंवा एका अंगाची ताकद जाणे, यातले काहीही दिसले तर वाट पाहायची नाही. हे वाक्य चौकट करून घरात लावा.

इथे एक शंका आमच्याच बैठकीत निघाली, आणि ती खोटी नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना तयार केले. ३९ गावांत या बाया नवजात बाळांच्या घरी जात, वजन करत, ताप पाहत आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही देत. १९९९ साली त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभरातली आशा बाळंतपणानंतर ज्या घरभेटी देते, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्यांचे मूळ तिथे आहे. मग त्या बाया सुई देऊ शकतात तर आम्ही का नाही?

आशाताईने उत्तर दिले ते आम्हाला पटले. त्या बायांना ठरलेल्या आजारांची, ठरलेल्या औषधाची तालीम होती. डॉक्टर नियमित गावात येऊन त्यांचे काम तपासत, प्रत्येक बाळाची नोंद लिहिलेली असे. त्यांनी घरी बसून प्रमाणपत्र घेतले नव्हते. घरी राहून, गावात काम करत, कुणाच्या तरी नजरेखाली त्या शिकल्या. तसे शिकवणारे कुणी असेल तर शिकू. नाहीतर जेवढे शिकलो तेवढेच करू.

पैशाचे आणि कागदाचे थोडक्यात. विद्यापीठाची फी माहितीपुस्तिकेत छापलेली असते आणि ती विद्यापीठाच्या खात्यातच भरायची असते. कुणाच्या मोबाईलवर पाठवायची नसते. आपल्या भागासाठी मुक्त विद्यापीठाचे आणि इग्नूचे, दोघांचेही विभागीय केंद्र नागपूरला आहे. कुठला शिक्षणक्रम या वर्षी चालू आहे आणि कुठल्या अभ्यासकेंद्रात, हे तिथेच विचारा, कारण ते बदलत राहते. दहावी-बारावी राहून गेलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारीची वाट काढली आणि त्या वाटेने कितीतरी बाया बी.ए. झाल्या. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. तिच्या जोरावर नर्सिंगला प्रवेश मिळत नाही. एएनएम किंवा जीएनएमसाठी नियमित प्रवेश घेतला तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे, अर्ज महाडीबीटीवर. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनाही आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला हे उन्हाळ्यातच काढून ठेवा. रोवणे लागल्यावर तहसीलच्या चकरा होत नाहीत.

त्या मुलीचे काय झाले? बचतगटाचे कर्ज अजून फिटायचे आहे. सोनेरी कडांचे प्रमाणपत्र तिने फाडले नाही. "दुसऱ्या पोरींना दाखवायला ठेवलं," म्हणते. गेले वर्षभर ती रविवारी आमच्यात येऊन बसते. थर्मामीटर, नाडी, रक्तदाब आता आमच्यापेक्षा चांगले पाहते. या वर्षी तिने एएनएमसाठी दोन शाळांत अर्ज केला. अर्ज करण्याआधी शाळेची मान्यता तपासायला आम्ही तिघी सोबत गेलो होतो. तिथल्या बाबूला आमचे प्रश्न आवडले नाहीत, पण कागद त्याने दाखवला. यादी लागायची आहे.

तुमच्या वस्तीत असे पत्रक आले तर फेकू नका, घेऊन या. रविवारी दुपारी दोन ते चार आम्ही विहारात असतो. जुनी पुस्तके आहेत, एक रक्तदाबाचे यंत्र आहे. रोवण्याच्या दिवसांत मात्र संध्याकाळी सातनंतर या.